‘ब्यांक’ आणि ‘बँक’

संकेश्वर हे हिरण्यकेशीच्या काठचे गाव. मराठी आणि कानडी या दोन भाषा येथे पिढ्यान्‌पिढ्या एकाच पेठेत नांदत आल्या आहेत. पैशाच्या पेढीचे इंग्रजी नाव कानडी लिपीत ‘ब्यांक’ असे लिहिले जाते. मराठीत तेच वर चंद्र देऊन ‘बँक’ असे लिहितात. परका स्वर आपल्या लिपीत कसा बसवावा, या एकाच प्रश्नाची ही दोन उत्तरे होत.

मराठीनेही प्रथम ‘ब्यांक’च लिहिले. एकोणिसाव्या शतकातील छापील मराठीत ‘म्याजिस्ट्रेट’, ‘कालेज’, ‘आफिस’ अशी रूपे आढळतात. ‘ए’ आणि ‘आ’ यांच्या मधोमध जिभेला थांबविणारा स्वर आपल्या बाराखडीत नव्हता; तेव्हा लिहिणाऱ्याने ‘य’काराला ‘आ’ जोडून वेळ मारून नेली. पुढे चंद्राचे चिन्ह रूढ झाले, आणि 2009 साली महाराष्ट्र शासनाने ‘ॲ’ व ‘ऑ’ यांना वर्णमालेत रीतसर स्थान दिले. व्यवहार आधी आणि मान्यता मागाहून, हा क्रम भाषेच्या बाबतीत नेहमीचाच आहे.

या भागात इंग्रजी शिक्षण लवकर आले. 1831 साली बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी तेथील मिशनच्या शाळेत शिकले. परंतु मिशनऱ्याच्या तोंडून इंग्रजी ऐकण्याचा योग किती जणांना येणार? खेडोपाडी इंग्रजी पोचले ते पुस्तकातून. ‘सी-ए-टी कॅट, कॅट म्हणजे मांजर’ हा घोष वर्गावर्गातून चालला. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेने कित्येक पिढ्यांना इंग्रजी वाक्य रचावयास शिकविले, हे तिचे ऋण मोठे आहे. पण छापील पाठाला आवाज नसतो. विद्यार्थ्याची परीक्षा झाली ती स्पेलिंगाची, कानाची नव्हे.

आणि खरी अडचण कानाचीच होती. कानडीत ‘ए’ आणि ‘ओ’ हे स्वर ऱ्हस्व व दीर्घ असे दोन्ही आहेत; मराठीत तो भेद नाही. त्यामुळे इंग्रजीत परीक्षा घेणारा शब्द आणि चव सांगणारा शब्द मराठी माणसाला सारखेच ‘टेस्ट’ ऐकू येतात. कानडी मुलाच्या कानाला त्यांतील लांबीचा फरक तरी चटकन जाणवतो. एकाच बाकावरच्या दोन मुलांपैकी एकाची चूक दुसऱ्याची होत नसे. मग दोघांना एकच पाठ देऊन कसे भागावे?

फारसी बोलणाऱ्यांची गोष्ट याहून निराळी. आजच्या इराणी फारसीत मूळ स्वर अवघे सहा. जहाज आणि मेंढी यांची इंग्रजी नावे, ‘शिप’ आणि ‘शीप’, इराणी विद्यार्थ्याच्या तोंडी एकच होतात. मराठी मुलाच्या लेखणीत ऱ्हस्व-दीर्घ असते, पण बोलण्यात ते पुष्कळदा पुसले जाते, म्हणून तोही येथे अडखळतो. उलट ‘कॅट’मधला स्वर इराण्याला जवळचा वाटतो, कारण त्याचा ‘दस्त’ हा शब्दच ‘दॅस्त’च्या जवळ जातो. आदिलशाहीच्या काळात या मुलखात रुळलेला ‘दस्तऐवज’ मात्र मराठीने सरळ ‘अ’कार देऊन आपलासा केला. तेथे कोणी उच्चाराची परीक्षा घेत नव्हते.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजी आठव्या इयत्तेपासून सुरू करण्याचे धोरण आले. तेरा वर्षांच्या मुलाची जीभ मातृभाषेच्या वळणाला पक्की बसलेली असते. त्याला नवा स्वर केवळ फळ्यावर लिहून येत नाही. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला आणि शाळांचा कारभार दुसऱ्या राजधानीकडे वळला. शिक्षकांना इंग्रजी उच्चारांचे शास्त्रशुद्ध शिक्षण मिळावे म्हणून 1958 साली हैदराबादेस केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली. डॅनियल जोन्स यांचा उच्चारकोश 1917 सालीच प्रसिद्ध झालेला होता, परंतु त्यातील खुणा वाचणारा शिक्षक तालुक्याच्या शाळेत विरळाच. त्यामानाने धारवाडचे 1950 सालचे आणि पुण्याचे 1953 सालचे नभोवाणी केंद्र गावाला अधिक जवळचे ठरले. दिल्लीहून सहक्षेपित होणाऱ्या इंग्रजी बातम्या घरात बसून ऐकता येऊ लागल्या, आणि ‘कॅट’ पाठ केलेल्या मुलाला तो स्वर पुस्तकाबाहेर कानी पडू लागला.