शिधापत्रिकेचा रंग आणि औशाचा रुग्ण

औसा तालुका १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९६० मध्ये तो महाराष्ट्रात आला व १९८२ पासून लातूर जिल्ह्यात मोडतो. या स्थित्यंतरांत ‘दवाखाना’ हा फारसी वळणाचा शब्द टिकला. दवाखान्याच्या दारी मागितला जाणारा कागद मात्र पालटत गेला.

धान्यवाटपाकरिता १९९९ मध्ये उत्पन्नानुसार पिवळी, केशरी व पांढरी अशा तीन रंगांच्या शिधापत्रिका निघाल्या. धान्यासाठी योजिलेला हा रंगच पुढे शस्त्रक्रियेची पात्रता ठरवू लागला, ही गोष्ट लक्षणीय होय. २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्यांत नांदेड होते, लातूर नव्हते. एकाच केशरी पत्रिकेवर नांदेडच्या रुग्णास जे मिळे, ते औशाच्या रुग्णास नोव्हेंबर २०१३ पर्यंत मिळत नसे! पुढे शेतकरी-आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतील पांढऱ्या पत्रिकेच्या शेतकऱ्यांनाही ही योजना लागू झाली; त्यांत लातूर होते. तेथे रंगाऐवजी सातबारा पाहिला जाई.

२०१७ मध्ये योजनेस महात्मा जोतिराव फुले यांचे नाव देण्यात आले. जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने रंगाची अट काढून राज्यातील सर्व कुटुंबे पात्र ठरविली. तथापि नोंदणी करणारा आरोग्यमित्र ओळखपत्रासमवेत शिधापत्रिकाही मागतोच. हक्क कुटुंबाचा असल्यामुळे, पत्रिकेवर नाव न चढलेल्या सुनेला आधी तहसील गाठावे लागते.