‘प्रॅन्सिंग पोनी’ : मध्यभूमीतील सराई

इंग्रज साहित्यिक जे. आर. आर. टॉल्किन (१८९२-१९७३) यांच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या कादंबरीत राजप्रासाद, दुर्ग आणि रणांगणे यांना तोटा नाही. तरीही कथेचे एक निर्णायक वळण घडते ते ब्री या गावातील सराईत. ‘प्रॅन्सिंग पोनी’ हे तिचे नाव. मागच्या पायांवर उभे राहिलेले गुबगुबीत पांढरे तट्टू ही तिची निशाणी. १९५४ साली प्रसिद्ध झालेल्या पहिल्या खंडात वाचकांना तिचा परिचय झाला.

ब्री हे दोन प्राचीन राजमार्ग जेथे एकमेकांना छेदतात, तेथे वसलेले गाव. माणसे आणि ठेंगणे हॉबिट येथे शेजारधर्माने नांदतात. सराईच्या तीन मजली इमारतीत हॉबिटांसाठी गोल खिडक्यांच्या, बुटक्या खोल्या राखून ठेवलेल्या असतात. संध्याकाळी आसपासच्या चार गावांतील रिकामटेकडे, बोलघेवडे आणि चौकस लोक मोठ्या दालनात जमतात. प्रवासी बुटके आणि रानोमाळ भटकणारे ‘रेंजर’ही तेथे येतात. बीअरच्या पेल्यांबरोबर दूरदेशीच्या वार्ता हातोहात फिरतात.

सराईचा मालक बार्लिमन बटरबर मनाने चांगला, पण विसराळू. फ्रोडो या हॉबिटाने जुलैअखेर घर सोडावे, असे बजावणारे जादूगार गॅन्डाल्फचे पत्र त्याच्याकडेच पडून राहते. परिणामी फ्रोडो २३ सप्टेंबरला निघतो आणि २९ तारखेला ब्रीला पोहोचतो, तेव्हा शत्रूचे काळे घोडेस्वार त्याच्या मागावर असतात. भर दालनात गाणे म्हणताना अंगठी चुकून बोटात जाऊन तो अदृश्य होतो. ही बातमी शत्रूकडे पोहोचवणारे हेरही त्याच गर्दीत बसलेले असतात. कोपऱ्यात बसलेल्या स्ट्रायडर या मळकट रेंजरपासून सावध राहा, असे बटरबर बजावतो. परंतु संरक्षक ठरतो तो हाच. विसरलेले पत्र त्या रात्री हाती येते आणि स्ट्रायडरची ओळख पटते.

सर्वांना खुले दार हेच अशा सराईचे बळ आणि हीच तिची दुबळी बाजूही. तेथे मित्र आणि हेर एकाच बाकावर बसतात; कोणावर विश्वास ठेवायचा, याचा निवाडा पाहुण्यालाच करावा लागतो.

१९५५ च्या तिसऱ्या खंडात तेरा महिन्यांनी हॉबिट परततात, तेव्हा सराई जवळजवळ ओस पडलेली असते. गावात चकमक होऊन तीन माणसे आणि दोन हॉबिट मारले गेलेले असतात. अंधार पडल्यावर कोणी बाहेर पडत नाही. ज्यांच्याकडे ब्रीकर संशयाने पाहत, ते रेंजरच आजवर गावाची राखण करीत होते आणि युद्धासाठी ते निघून गेल्याने गाव उघडे पडले, हे बटरबरला तेव्हा उमगते. स्ट्रायडर आता राजा झाला आहे, हे ऐकून तो थक्क होतो.

टॉल्किन यांना अशा बैठकांचा अनुभव होता. ऑक्सफर्डमधील ‘ईगल अँड चाइल्ड’ या मद्यगृहात सी. एस. लुईस आदी ‘इंकलिंग्ज’ मित्रांबरोबर ते नियमित जमत. पीटर जॅक्सन यांच्या २००१ आणि २०१३ च्या चित्रपटांतही ही सराई दिसते. तेथे गजबज आहे की शुकशुकाट, यावरून त्या जगाची सुरक्षितता कळते.