ट्रॅपिस्ट-१ : ग्रहकक्षांचे स्थैर्य

कुंभ राशीच्या दिशेला सुमारे ४० प्रकाशवर्षांवरचा मंद, तांबूस खुजा तारा आणि त्याभोवती फिरणारे, आकाराने पृथ्वीच्या जवळपासचे सात ग्रह. ताऱ्याचे वस्तुमान सूर्याच्या जेमतेम ९ टक्के. बेल्जियममधील लिएज विद्यापीठाचे मिकाएल गियों व त्यांचे सहकारी यांनी चिलीतील ला सिला येथील ट्रॅपिस्ट दुर्बिणीच्या साहाय्याने पहिले तीन ग्रह शोधले (२०१६). त्या वेळच्या पूरक निरीक्षणांत लडाखमधील हानले येथील हिमालयन चंद्र दुर्बिणीचाही वाटा होता. सात ग्रहांची (आतून बाहेर बी ते एच) घोषणा फेब्रुवारी २०१७ मध्ये झाली. त्यांपैकी ई, एफ आणि जी हे वासयोग्य पट्ट्यात, म्हणजे पृष्ठभागावर पाणी द्रवरूपात राहू शकेल अशा अंतरावर, धरले जातात.

वासयोग्यतेची चर्चा बहुधा तापमानापाशीच थांबते, आणि ते अपुरे आहे. ग्रह आज त्या पट्ट्यात असून भागत नाही. अब्जावधी वर्षे त्याने तिथेच टिकायला हवे. ट्रॅपिस्ट-१ मध्ये नेमके हेच कठीण वाटत होते. सर्वांत बाहेरचा एच ग्रहसुद्धा ताऱ्यापासून पृथ्वी-सूर्य अंतराच्या सुमारे ६ टक्क्यांवर आहे. आपल्या बुधाची कक्षा त्याच्या सहापट मोठी. एवढ्या दाटीत शेजारी ग्रह एकमेकांना सतत ओढत राहतात. सुरुवातीच्या मोजमापांवरून संगणकावर चालवलेली बहुतेक प्रतिरूपे दहा लाख वर्षांच्या आतच विस्कटली. ताऱ्याचे वय मात्र सुमारे ७.६ अब्ज वर्षे आहे.

हा पेच सुटतो तो अनुस्पंदनामुळे, म्हणजे ग्रहांच्या परिभ्रमणकालांची लहान पूर्णांकांच्या गुणोत्तरांत साखळी जुळल्यामुळे. साधारण ३७ दिवसांत बी ग्रहाच्या २४ फेऱ्या होतात, आणि पुढच्या ग्रहांच्या अनुक्रमे १५, ९, ६, ४, ३ व २. गुणोत्तरे तंतोतंत नाहीत, तरी लगतच्या दर तीन ग्रहांच्या गाठी ठरावीक क्रमानेच पडतात. त्यामुळे परस्परांचे हिसके साचत न जाता फिटत राहतात. गुरूच्या आयो, युरोपा व गॅनिमीड या चंद्रांमध्ये अशीच साखळी आहे. डॅनियल टमायो व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवले, की जन्मकाळच्या वायू-धुळीच्या चकतीतून आत सरकताना ग्रह या साखळीत अडकले असे धरले, तर ५ कोटी वर्षांच्या संपूर्ण गणनेत प्रतिरूपे टिकून राहतात. साखळीवरचा विश्वास भाकितानेही खरा ठरला : एच ग्रहाचा परिभ्रमणकाल तिच्यावरून आधी वर्तवला गेला आणि केप्लर दुर्बिणीच्या निरीक्षणांत तो १८.७७ दिवस भरला.

शेजाऱ्यांच्या या ओढीचा परिणाम ग्रहांच्या अंतरंगावरही होतो. कक्षा जवळजवळ वर्तुळाकार आहेत, पण पूर्णपणे तशा नाहीत; शेजाऱ्यांची ओढ त्यांना किंचित लांबट ठेवते. त्या लांबटपणामुळे ताऱ्याचे भरती-ओहोटीचे बल ग्रहांचे अंतरंग मळत राहते व तिथे उष्णता निर्माण होते. ही उष्णता आतल्या ग्रहांत सर्वाधिक असून बाहेरच्या ग्रहांकडे झपाट्याने घटत जाते.