वादसभेचा साचा कोणी घडवला?
अमेरिकी अध्यक्षपदाच्या उमेदवारांची टीव्हीवरची वादसभा सुधारायची म्हटली की बोलणे माइक बंद करण्यावर आणि सूत्रसंचालकाच्या धाकावर येऊन थांबते. तिची कुळकथा पाहिली तर दुखणे वेगळेच दिसते. १८५८ साली इलिनॉयमध्ये सेनेटच्या जागेसाठी लिंकन आणि डग्लस सात वेळा समोरासमोर आले. पहिला वक्ता तासभर, दुसरा दीड तास, मग पहिल्याला पुन्हा अर्धा तास; मध्ये प्रश्नकर्ता कोणी नाही. १९४८ साली ओरेगॉनमध्ये रिपब्लिकन उमेदवारीसाठी झगडणारे ड्यूई आणि स्टॅसन रेडिओवर तासभर एकाच प्रश्नावर झुंजले, कम्युनिस्ट पक्षावर बंदी घालावी की नाही. मग २६ सप्टेंबर १९६०ला शिकागोच्या स्टुडिओत केनेडी आणि निक्सन यांच्यामध्ये पत्रकारांची फळी आली कुठून? वाहिन्यांना ओरेगॉनसारखा थेट सामना हवा होता, पत्रकारांचा आग्रह उमेदवारांच्या माणसांचा. निक्सनच्या घामाची गोष्ट सगळे चवीने सांगतात, या अटीची कोणी सांगत नाही. पत्रकार उत्तर ऐकून पुढच्या विषयाकडे वळतो. प्रतिस्पर्धी इतक्या सहजी सोडत नाही.

पुढे कायद्यानेही हातभार लावला. सर्व उमेदवारांना समान वेळ देण्याचे १९३४च्या कायद्याचे बंधन १९६०पुरते उठवले होते. पुढच्या तीन निवडणुका वादसभेविना गेल्या. बाहेरच्या संस्थेने सभा भरवली तर वाहिन्यांनी ती बातमी म्हणून दाखवावी, ही वाट १९७५ साली निघाली आणि लीग ऑफ विमेन व्होटर्स यजमान झाली. १९८८ साली दोन्ही प्रचारयंत्रणांनी आपसात करार करून तो लीगपुढे ठेवला, तेव्हा ती बाहेर पडली. तिची जागा घेणारा आयोग दोन्ही पक्षांच्या अध्यक्षांनीच आदल्या वर्षी उभा केला होता. परीक्षार्थीच प्रश्नपत्रिकेचे स्वरूप ठरवू लागले.

अटी मानल्या नाहीत तर उमेदवार येणारच नाहीत, हा आक्षेप पोकळ नाही. १९८०मध्ये अपक्ष उमेदवार अँडरसनला बोलावले म्हणून कार्टर आले नाहीत. लीगने रेगन आणि अँडरसन यांची सभा तरीही घेतली, पण नंतर अँडरसनला वगळल्यावरच कार्टर मंचावर आले. २०२४च्या जूनमधल्या अटलांटाच्या सभेसाठी तर प्रचारयंत्रणांनी आयोगालाच बाजूला सारून वाहिनीशी परस्पर ठरवले. प्रेक्षक नव्हते, पाळी नसलेल्याचा माइक बंद होता. गोंगाट थांबला, बगल देणे थांबले नाही, कारण दोन मिनिटांत ते सहज जमते. एका सभेला एकच विषय आणि उमेदवारांनी एकमेकांना विचारलेले प्रश्न हा जुना साचा परत आणायचा, तर तो उमेदवाऱ्या ठरण्याच्या वर्षभर आधी जाहीर व्हायला हवा. तेव्हा कोणत्या नियमाचा फायदा कोणाला होईल, हे कोणत्याच पक्षाला सांगता येत नसते.