पैशापैशाची शिष्यवृत्ती

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनी दरवर्षी गुणवंत मुलींना बक्षिसे दिली जातात. पुस्तके, पेनांचा संच, क्वचित एखादे भांडे. यंदाच्या सभेत अशी सूचना आली की, यापुढे इंजिनिअरिंग किंवा कारखानदारीचे शिक्षण घेणाऱ्या एका मुलीला मंडळाने शिष्यवृत्ती द्यावी. त्यावर भगिनींनी दोन प्रश्न विचारले. एवढा पैसा आपण आणायचा कोठून? आणि सरकार देत असताना आपण कशाला? दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे इतिहासात पुष्कळशी सापडतात असे मला वाटते; म्हणून हा लेखनप्रपंच.

अशा मदतीचे एक जुने आणि ठळक उदाहरण मुंबईचे आहे. जमशेटजी टाटांनी १८९२ साली परदेशी उच्च शिक्षणासाठी एक निधी स्थापन केला. आरंभी तो पारशी विद्यार्थ्यांपुरता होता. १८९४ पासून सर्व भारतीयांना खुला झाला. आरंभीच्या मानकऱ्यांत डॉ. फ्रेनी कामा या स्त्री डॉक्टर होत्या, ही गोष्ट आपण विशेष लक्षात ठेवावी. या निधीची खुबी अशी की, मिळणारी रक्कम दान नसून कर्ज असे. विद्यार्थ्याने शिकावे, मिळवते व्हावे आणि घेतलेले परत करावे, म्हणजे तोच रुपया पुढच्या विद्यार्थ्याच्या हाती पडे. विज्ञान आणि तंत्रविद्या शिकलेले कितीतरी लोक या निधीने घडवले, आणि तो आजही चालू आहे.

पण टाटा हे टाटा होते. तुमच्याआमच्यासारख्यांनी काय करावे? याचे उत्तर पुण्याजवळच्या तळेगाव दाभाडे येथे मिळते. विसाव्या शतकाच्या आरंभी अंताजी दामोदर काळे यांनी ‘पैसा फंड’ काढला. कल्पना अगदी साधी होती : माणशी एक पैसा गोळा करायचा आणि त्यातून स्वदेशी धंद्यांचे शिक्षण उभारायचे. लोकमान्य टिळकांनी या कार्याला पाठबळ दिले. रुपयाचे तेव्हा ६४ पैसे होते. म्हणजे लाख माणसांपुढे डबा फिरवावा, तेव्हा कोठे १,५६२ रुपये ८ आणे जमणार! किती दारे ठोठवावी लागली असतील, याची कल्पना वर्गणी मागायला हिंडलेल्या बाईला चांगली येईल.

या पैशांतून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना सुरू झाला. काचच का? तर त्या काळी आपल्या हातातल्या बांगड्या आणि घरातल्या दिव्यांच्या चिमण्या मोठ्या प्रमाणावर परदेशांतून येत होत्या. जपान व अमेरिकेत जाऊन काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांच्या हाती कारखान्याची सूत्रे दिली गेली. येथे कारखाना हीच शाळा होती. वाळू, सोडा व चुना यांचे मिश्रण किती घ्यावे, भट्टीचा ताव कसा राखावा, नळीच्या टोकावर वितळलेली काच घेऊन ती कशी फुंकावी, हे मुले प्रत्यक्ष भट्टीसमोर उभी राहून शिकत. येथून तयार झालेले कारागीर पुढे इतर ठिकाणच्या काचकारखान्यांत गेले. एकेका पैशाचे असे कारागीर झाले!

हे सारे मुलांचे झाले. मुलींची गोष्ट निराळी आहे. मद्रासजवळच्या गिंडी येथील कॉलेजातून १९४३ साली ए. ललिता इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाल्या. अठराव्या वर्षी वैधव्य आलेले, कडेवर तान्ही मुलगी, तरी शिकल्या. पण त्यांचे वडील त्याच कॉलेजात प्राध्यापक होते आणि त्यांनी पुढाकार घेऊन मुलीसाठी दार उघडवले, हेही सांगितले पाहिजे. ज्या मुलीचे वडील प्राध्यापक नाहीत, तिचे काय?

तिचे दार शिष्यवृत्ती उघडते. म्हैसूर विद्यापीठात गणित शिकलेल्या राजेश्वरी चटर्जी सरकारी शिष्यवृत्तीवर १९४७ साली अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात गेल्या. पुढचे संशोधन त्यांनी बार्बर शिष्यवृत्तीवर केले. ही शिष्यवृत्ती लेव्ही बार्बर या गृहस्थांनी १९१७ साली खास आशियातील स्त्रियांसाठी ठेवली होती. मिशिगनला शिकून आपापल्या देशी काम करणाऱ्या स्त्रिया त्यांनी आशियाच्या प्रवासात पाहिल्या होत्या. राजेश्वरीबाई १९५३ साली परत आल्या, बंगलोरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकवू लागल्या आणि पुढे आपल्या विभागाच्या प्रमुख झाल्या. रेडिओलहरींच्या शास्त्रात त्यांच्या हाताखाली किती विद्यार्थी तयार झाले! बार्बरांना त्यांतल्या एकाचेही नाव ठाऊक नव्हते.

आता दुसरा प्रश्न. सरकार देते, हे खरेच आहे. डिप्लोमा व पदवीच्या मुलींसाठी केंद्राची ‘प्रगती’ शिष्यवृत्ती आहे. महाराष्ट्र शासनानेही २०२४ साली व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या मुलींची फी माफ करण्याचा निर्णय घेतला, अर्थात उत्पन्नाच्या आणि इतर अटींसह. पण फी म्हणजे सारा खर्च नव्हे. माझ्या माहितीतल्या एका मुलीला जिल्ह्याच्या गावी मेकॅनिकलच्या डिप्लोमाला जागा मिळाली होती. फीचा प्रश्न सुटला. अडले ते खोलीचे डिपॉझिट, मेसचा आगाऊ महिना, ड्रॉइंगचे साहित्य, वर्कशॉपचे बूट आणि एस. टी.चा पास यांवर. शिष्यवृत्तीची रक्कम खात्यावर यायला वेळ होता आणि खर्च पहिल्याच आठवड्यात होता. ती घरी परतली. बुद्धी कमी पडली नाही, चार-सहा हजार रुपये कमी पडले.

भगिनींनो, ही चार-सहा हजारांची फट सरकारी खात्याला दिसत नाही, शेजारणीला दिसते. म्हणून माझी सूचना अशी : प्रत्येकीने दरमहा दहा रुपये द्यावेत, म्हणजे वर्षाचे एकशेवीस. पन्नास जणी मिळाल्या तर सहा हजार होतात. ही रक्कम जून-जुलैमध्ये, प्रवेशाच्या वेळीच, मुलीच्या हाती पडावी. तिने नोकरी लागल्यावर जमेल तसे परत करावे, आणि तिच्या पैशांतून दुसरी जावी. डबा मी आणून ठेवला आहे. हळदीकुंकवाला याल तेव्हा तो तबकाशेजारीच असेल.