परळमधला रक्तक्षय आणि ल्युकेमियावरचं औषध

कर्करोगावरच्या औषधोपचाराचा इतिहास बहुतेक पुस्तकांत युद्धातल्या विषारी वायूपासून सुरू होतो. २ डिसेंबर १९४३ च्या रात्री जर्मन विमानांनी इटलीतल्या बारी बंदरावर हल्ला केला. तिथे नांगरलेल्या ‘जॉन हार्वे’ या अमेरिकी जहाजावर मस्टर्ड गॅसचे बॉम्ब गुपचूप आणलेले होते. जे त्या विषात सापडले त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटत गेल्या. त्याच्याही आधी, ऑगस्ट १९४२ मध्ये, येल विद्यापीठात गुडमन आणि गिलमन यांच्या गटाने याच कुळातलं नायट्रोजन मस्टर्ड लसिकाग्रंथींच्या कर्करोगाने ग्रासलेल्या एका रुग्णाला दिलं होतं. युद्धकाळातल्या गुप्ततेमुळे ते १९४६ पर्यंत जाहीर झालं नाही. ही हकीकत खरी आहे आणि नाट्यपूर्णही आहे, म्हणूनच ती पुन्हा पुन्हा सांगितली जाते. पण ती एकटीच सांगितली की कर्करोगावरची औषधं म्हणजे माणूस मारायच्या विषाचा सौम्य वापर, अशी समजूत पक्की होते. या उपचारशास्त्राला दुसरं, तितकंच जुनं आणि माझ्या मते जास्त फळलेलं मूळ आहे, आणि ते उपासमारीच्या अभ्यासात आहे. पेशी कशाने मरते हा प्रश्न तिथे कुणी विचारलाच नव्हता. पेशी कशावर जगते, तिची वाढ कशाअभावी खुंटते, एवढंच विचारलं होतं. त्या मुळाचा एक महत्त्वाचा धागा मुंबईतल्या परळपर्यंत येतो.

१९२८ साली ल्युसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. बाळंतपणात होणाऱ्या मृत्यूंची चौकशी इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने हाती घेतली होती, आणि गरोदर बायकांमध्ये दिसणाऱ्या एका भयंकर रक्तक्षयाचं कारण शोधण्याचं काम विल्स यांच्याकडे आलं. त्यांची प्रयोगशाळा परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये होती. या बायकांच्या तांबड्या पेशी संख्येने कमी आणि आकाराने वाजवीपेक्षा मोठ्या होत्या. वरवर पाहता हा आजार युरोपात माहीत असलेल्या घातक पंडुरोगासारखा दिसे, पण त्या रोगात मज्जासंस्थेला होणारी इजा इथे आढळत नव्हती. विल्स यांनी आधी जंतुसंसर्गाची शंका तपासली आणि मग चुलीकडे वळल्या. एस. एन. तळपदे यांच्याबरोबर त्यांनी मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीमानाची पाहणी केली. ती १९३० साली प्रसिद्ध झाली. रोग्यांच्या जेवणात पालेभाज्या, फळं आणि सकस प्रथिनं यांची वानवा होती. ‘अ’ आणि ‘क’ जीवनसत्त्वं देऊन पाहिली, उपयोग झाला नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत उवांमधून पसरणाऱ्या एका जंतूने घोटाळा केला, म्हणून माकडांना तसाच निकृष्ट आहार देऊन पाहिला, एच. एस. बिलिमोरिया यांच्यासह केलेल्या या कामाचा निबंध १९३२ चा. आणि यात कुठेतरी यीस्टचा अर्क, म्हणजे दुकानात मिळणारं मार्माइट, देऊन पाहण्यात आलं. खंगलेली माकडं सावरली, बायकाही सावरल्या. १९३१ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये विल्स यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या काळी पंडुरोगावर मान्य असलेल्या यकृताच्या उपचारापेक्षा मार्माइट पुष्कळ स्वस्त होतं. गरिबांच्या रोगावर गरिबांना परवडेल असं काही सापडलं, हे त्या कामाचं मोठेपण वेगळं नोंदवायला हवं.

यापुढची पायरी अधिक सूक्ष्म आहे आणि माझा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. पंडुरोगावर गुणकारी ठरलेला यकृताचा शुद्ध केलेला अर्क या बायकांना लागू पडत नव्हता. ओबडधोबड, कमी शुद्ध केलेला अर्क मात्र पडत होता. म्हणजे शुद्धीकरणात जे गाळून फेकलं जात होतं त्यातच या रोगाचा उतारा होता. १९३७ पर्यंत विल्स यांनी हे स्पष्ट मांडलं: यीस्टमध्ये आणि यकृतात असा एक घटक आहे जो तोवर माहीत असलेल्या कोणत्याही घटकाहून वेगळा आहे, आणि तो नसेल तर माणसाच्या अस्थिमज्जेत रक्तपेशी नीट तयार होत नाहीत. त्याला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. त्याचं रासायनिक रूप म्हणजे फॉलिक अ‍ॅसिड.

इथे जाणकार वाचक हरकत घेईल. फॉलिक अ‍ॅसिड काही मुंबईत वेगळं काढलं गेलं नाही. १९४१ साली टेक्सास विद्यापीठात मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालकातून ते मिळवलं, तेसुद्धा जिवाणूंच्या वाढीला लागणारा घटक म्हणून. कोंबडीच्या पिल्लांवर काम करणारेही त्याच वाटेवर होते. मग विल्स नसत्या तरी हे घडलंच असतं, नाही का? रेणू सापडला असता, हे मान्य. पण जिवाणूंना काय लागतं हे कळल्याने माणसाच्या हाडातल्या मज्जेला काय लागतं हे कळत नाही. विशिष्ट अन्नघटकाच्या अभावी माणसाच्या मज्जेतलं पेशींचं विभाजन अडखळतं आणि तो दिला की पुन्हा सुरू होतं, याचा पुरावा रुग्णांकडूनच यावा लागतो. तो आधी मुंबईच्या बायकांकडून आला. १९४५ साली अमेरिकेत टॉम स्पाइस यांनी कृत्रिम फॉलिक अ‍ॅसिड कुपोषित रोग्यांना दिलं आणि त्यांचा रक्तक्षय हटला, तेव्हा दोन्ही वाटा एकत्र आल्या. ल्युकेमिया हा मज्जेत बेसुमार विभागणाऱ्या पेशींचा आजार आहे. फॉलिक अ‍ॅसिडचा संबंध मज्जेशी आहे हे ठाऊक नसतं, तर त्याचा विचार ल्युकेमियाच्या संदर्भात करायचं कुणाला काही कारण नव्हतं.

कृत्रिम फॉलिक अ‍ॅसिड बनवणारा गट न्यूयॉर्क राज्यातल्या पर्ल रिव्हर इथल्या लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत होता, आणि तिथल्या संशोधनाची सूत्रं यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या हाती होती. भीमावरमला १८९५ साली जन्मलेले, मद्रासला वैद्यक शिकलेले सुब्बाराव १९२० च्या दशकात अमेरिकेला गेले. हार्वर्डमध्ये सायरस फिस्क यांच्यासोबत त्यांनी फॉस्फरस मोजण्याची जी पद्धत बसवली ती आजही या दोघांच्या नावाने ओळखली जाते. स्नायूंतल्या फॉस्फोक्रिएटिनचा आणि एटीपीचा शोधही त्यांच्या कामाचा भाग आहे. तरीही हार्वर्डने त्यांना कायमची जागा दिली नाही, आणि १९४० मध्ये ते लेडर्लीत गेले. त्यांचे दोन भाऊ स्प्रू या आजाराने गेले होते. आतड्यांतून अन्न अंगी न लागल्याने माणूस झिजत जाणारा हा आजार. त्यावर पुढे उपयोगी ठरलेलं औषध नेमकं फॉलिक अ‍ॅसिड. ज्याला उपासमार आणि रोग यांचं नातं घरच्या दुःखातून माहीत होतं, त्याच्याच प्रयोगशाळेतून हा रेणू किलोंच्या हिशेबाने बाहेर पडला.

आता बोस्टन. बाल रुग्णालयातले सिडनी फार्बर हे मुळात शवविच्छेदन करणारे विकृतितज्ज्ञ. तीव्र ल्युकेमिया झालेलं मूल तेव्हा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत दगावे, आणि त्यावर रक्त देण्यापलीकडे काही हाती नव्हतं. न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या गटाने उंदरांमधल्या गाठी फॉलिक अ‍ॅसिडच्या एका प्रकाराने विरघळल्याचं सांगितलं होतं. ती आशा धरून फार्बर यांनी सुब्बाराव यांच्याकडून फॉलिक अ‍ॅसिडची संयुगं घेतली आणि कर्करोगाच्या रुग्णांना दिली. ल्युकेमिया झालेल्या मुलांच्या मज्जेत मात्र त्यांना उलटं दिसलं: रोग वेगाने वाढत होता. हा निष्कर्ष दाबून टाकणं सोपं होतं. फार्बर यांनी तो वाचला. ज्याने रोग फोफावतो ते तोडलं तर रोग उपाशी पडेल, असा त्यांचा तर्क. सल्फा औषधं जिवाणूंच्या अन्नघटकासारखी दिसून त्यांना फसवतात, हे डोनाल्ड वुड्स यांनी १९४० साली दाखवलं होतंच. फॉलिक अ‍ॅसिडशी हुबेहूब जुळणारी पण निरुपयोगी अशी संयुगं लेडर्लीत तयार होऊ लागली. त्यातलं अमिनोप्टेरिन १९४७ च्या अखेरीस बोस्टनच्या मुलांना मिळालं. ३ जून १९४८ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निबंध आला: १६ मुलांपैकी १० जणांत सुधारणा. ती तात्पुरती होती आणि निबंधाच्या शीर्षकातच तसं म्हटलं होतं. औषध पुरवल्याबद्दल सुब्बाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे आभारही त्यात आहेत. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या ५३ व्या वर्षी, सुब्बाराव वारले.

फॉलिक अ‍ॅसिडने ल्युकेमिया वाढतो हे निरीक्षणच कच्चं होतं, असा एक आक्षेप घेता येतो, आणि तो वजनदार आहे. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, रोग मुळातच वेगाने वाढणारा होता, मुलं मोजकी होती. आजच्या कसोटीवर असा पुरावा टिकणार नाही. पण संशोधनात एखादं निरीक्षण दोन कामं करतं: ते काही सिद्ध करतं, किंवा पुढचा प्रयोग कोणता करावा हे सुचवतं. या निरीक्षणाने दुसरं काम केलं, आणि पुढच्या प्रयोगाचा निकाल पहिल्यावर अवलंबून नव्हता. मज्जा रोगपेशींपासून मोकळी झाल्याचं सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होतं. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. मरणाच्या दारात असलेल्या लेकरांवर विषारी औषधं आजमावायची का? फार्बर यांच्या आसपासच्या अनेक डॉक्टरांना हे पटलं नव्हतं. मुलांना शांतपणे जाऊ द्यावं असं ते म्हणत. त्या मुलांना त्रास झाला, आणि बरी झालेली बहुतेक पुन्हा आजारी पडून गेली. हे ऋण कबूल केल्याशिवाय या यशाबद्दल बोलू नये असं मला वाटतं. मुंबईच्या त्या बायकांचंही तसंच आहे. निबंधांत त्या आकड्यांच्या रूपात आहेत. मात्र त्यांना निदान त्या संशोधनातून स्वतःचा उतारा मिळाला. बोस्टनच्या मुलांना मिळाले ते थोडे महिने.

अमिनोप्टेरिन नेमकं काय करतं, हे दशकभराने उलगडलं. शरीरातलं एक विकर फॉलिक अ‍ॅसिडला कामाच्या रूपात आणतं, आणि त्या रूपाशिवाय डीएनएचा एक घटक, थायमिडिन, तयार होत नाही. फॉलिक अ‍ॅसिडच्या रेणूत एका जागी ऑक्सिजनचा गट आहे, तिथे नायट्रोजनचा गट बसवला की अमिनोप्टेरिन होतं. ते कुलपात शिरून मोडलेल्या खोट्या किल्लीसारखं विकरात रुतून बसतं, आणि खऱ्याला जागाच उरत नाही. पेशीला नवा डीएनए करता येत नाही, आणि ज्या पेशी सर्वांत जास्त विभागतात त्या आधी मरतात. हे १९५८ मध्ये प्रयोगाने दिसलं, डीएनएची रचना उलगडल्यानंतर पाच वर्षांनी. म्हणजे विल्स यांच्या रुग्ण बाईच्या मज्जेत निकृष्ट जेवणामुळे जे आपोआप होत होतं, तेच इथे औषधाने मुद्दाम घडवलं जात होतं. म्हणून दुष्परिणामही ओळखीचे: तोंड येणं, आतड्याचं अस्तर सोलणं, रक्त कमी होणं. पुढे अमिनोप्टेरिनचं जवळचं भावंड असलेल्या मेथोट्रेक्सेटच्या मोठ्या मात्रेनंतर ल्युकोव्होरिन, म्हणजे फॉलिक अ‍ॅसिडचं तयार रूप, देऊन निरोगी पेशी वाचवण्याची पद्धत आली. अन्नघटक आणि त्याचा शत्रू हे दोन्ही एकाच उपचारात बसतात, ते दोघांचं शास्त्र एकच असल्यामुळे. मस्टर्डच्या बाबतीत असा उतारा कुणाजवळ नव्हता.

मेथोट्रेक्सेट वापरायला अमिनोप्टेरिनपेक्षा अधिक सोयीचं होतं. १९५६ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी गर्भाशयातल्या कोरिओकार्सिनोमा या पसरलेल्या कर्करोगावर ते वापरलं. त्या गाठीतून निघणारं गर्भसंप्रेरक पूर्ण नाहीसं होईपर्यंत ली औषध देत राहिले. हा हट्ट वरिष्ठांना रुचला नाही आणि त्यांना संस्था सोडावी लागली. पण त्या बायका बऱ्या झाल्या, आणि शरीरभर पसरलेली घन गाठ फक्त औषधाने बरी झाल्याचं ते पहिलं उदाहरण. १९७२ साली दोघांचा लास्कर पुरस्काराने सन्मान झाला.

हे सगळं म्हटल्यावर मस्टर्डचं महत्त्व मी कमी लेखतो असं कुणाला वाटेल. तसं नाही. त्या वायूच्या भाईबंदांतून सायक्लोफॉस्फामाइडसारखी औषधं आली, आणि ती आजही वापरात आहेत. माझं म्हणणं पद्धतीबद्दल आहे. विष आधी हाती आलं आणि मग त्याचा उपयोग शोधला, ही एक वाट. निरोगी पेशीची गरज आधी समजून घेतली आणि मग त्या गरजेवर बोट ठेवणारा रेणू बांधला, ही दुसरी. आज प्रयोगशाळांत विशिष्ट विकरावर नेम धरणारी जी औषधं बनतात, ती दुसऱ्या वाटेची लेकरं आहेत. आणि ही वाट अशा संशोधनातून निघाली, ज्याच्या अर्जावर ‘कर्करोग’ हा शब्दही नव्हता. अनुदान देणाऱ्यांनी परिणाम आधी विचारला असता, तर गरिबांच्या जेवणाची पाहणी ल्युकेमियाच्या नावाने कुणी मंजूर केली नसती.

परळमध्ये टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झालं, विल्स यांच्या हाफकिनपासून फार दूर नाही. १९८० च्या दशकात तिथे सुरेश अडवाणी यांनी मुलांच्या तीव्र ल्युकेमियासाठी एमसीपी-८४१ ही उपचारपद्धती वापरात आणली. तिच्यात मेथोट्रेक्सेटचा मोठा वाटा होता. २०२० साली त्याच रुग्णालयातून आलेल्या एका चाचणीने डोकं आणि मानेच्या कर्करोगासाठी मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिबच्या गोळ्या शिरेतून द्यायच्या सिस्प्लॅटिनशी ताडून पाहिल्या. रुग्णांच्या जगण्याचा मध्यांक गोळ्यांनी ७.५ महिने आला, सिस्प्लॅटिनने ६.१. फरक मोठा नाही. पण तोंडाचा कर्करोग आपल्याकडे मुख्यतः तंबाखू खाणाऱ्या कष्टकऱ्यांचा आजार, आणि स्वस्त गोळी घरी बसून घेता येते. गावाकडून मुंबईला वारंवार यायचं भाडं आणि बुडालेली मजुरी वाचते. वर्षानुवर्षं जुन्या, पेटंट संपलेल्या औषधाला नवं काम देणाऱ्या अशा चाचण्या कंपन्या सहसा हाती घेत नाहीत. त्या सार्वजनिक रुग्णालयांनाच कराव्या लागतात.