बिदरी कारागिरी आणि व्यवसायजन्य कर्करोगाचा शोध

बिदरी कलेवरील लेखनात नक्षीचे वर्णन विपुल आहे. कारागिराच्या श्वासाचा विचार मात्र फारसा नाही. कारखान्याच्या हवेत काय मिसळत होते हे जाणण्यासाठी जुनी कृती वाचावी लागते. बेंजामिन हेन यांच्या १८१४ च्या ग्रंथातील कृती अशी : १६ औंस तांबे, ४ औंस शिसे, २ औंस कथील, या मिश्रणाच्या दर ३ औंसांस १६ औंस जस्त. आज जस्त व तांबे हेच मुख्य धातू असून प्रमाण साधारणतः १६ ला १ असते. हेन यांचे शिसे कलेतिहासकारांना घटकद्रव्य म्हणून दिसले, आरोग्याचा पुरावा म्हणून नव्हे.

वितळत्या जस्ताच्या पांढऱ्या धुराने थंडीताप भरतो, तो एक-दोन दिवसांत उतरतो. तो कर्करोग नव्हे. संशय जस्ताच्या सोबत्यांवर आहे. जस्ताच्या खनिजात कॅडमियम असते. ल्योन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९३ मध्ये कॅडमियम आणि १९९७ मध्ये श्वासावाटे जाणारी स्फटिकी सिलिका यांना पहिल्या गटात, म्हणजे मानवात सिद्ध झालेल्या कर्करोगकारकांत घातले. शिशाची असेंद्रिय संयुगे २००६ मध्ये त्याखालच्या '२-अ' गटात आली. बिदरीचा साचा माती, राळ व एरंडेलाचा; ओतीव भांडे कानशीने घासतात. धूळ दोन्हीकडून उडते. तारकशी, मोरचुदाचे पाणी, किल्ल्याची माती आणि नवसागर यांची चर्चा पुष्कळ झाली आहे. येथे एक खुलासा आवश्यक आहे : गट हा केवळ पुराव्याचे बळ सांगतो, आजार किती जणांना होईल हे मात्रा व काळ यांवर ठरते.

पर्सिव्हल पॉट यांनी १७७५ मध्ये लंडनच्या धुराडी साफ करणाऱ्यांचा, तर लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये रंगकारखान्यातील कामगारांच्या मूत्राशयाचा कर्करोग ओळखला. एकाच धंद्याचे रुग्ण त्यांच्यापुढे आले, म्हणून हे शक्य झाले. घरातच भट्टी असणाऱ्या बिदरी कारागिराची अशी मोजणी होणे कठीण. ॲस्बेस्टॉस कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जे नंतर येईल तोवर जपावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये दिला. पण ज्याचा हजेरीपटच नाही त्याची नोंद कोण जपणार?

रुग्णाला त्याचा धंदा विचारावा, असे रामाझ्झिनी यांनी १७०० मध्येच वैद्यांना सुचवले होते. बीदरच्या महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांनी वृद्ध कारागिरांना एवढे जरी विचारले, की भट्टी घरात होती की अंगणात, जस्त कोठून येई, शिसे कधी बंद झाले, तरी हेन यांच्यानंतरचा मोठा खंड भरून निघू लागेल.